दोन्ही बाजूंचा मजकूर

राष्ट्राचं भवितव्य महाविद्यालयांच्या सभागृहांत घडतं. हे वाक्य मी विशी ओलांडायच्या आत निदान दहा भाषणांत घातलं आहे. त्यांतलं एकही भाषण मी स्वतः केलं नाही. आणि आमच्या ग्वाल्हेरच्या कॉलेजच्या सभागृहात तेव्हा जे खात्रीनं घडत असे, ते म्हणजे घाम. छताला टांगलेला पंखा ओढणारा माणूस भाषणांना कंटाळून बसल्या जागी डुलक्या घेई, आणि भवितव्य तेवढा वेळ थांबून राही.

आज सकाळी दार उघडलं तर पायरीभर कडुनिंबाची पिवळी पानं पडली होती. हात आपोआप पुस्तकाकडे गेला. शेवटची परीक्षा देऊन चाळीस वर्षं होऊन गेली, पण हातापर्यंत ही बातमी अजून पोचलेली नाही. बाकीच्या जगात वसंतात पालवी फुटते. आमच्याकडे आधी पानगळ होते, मग घाईघाईनं तांबूस पालवी येते, आणि या दोहोंच्या मधे जो उघडाबोडका पंधरवडा सापडतो, त्यात परीक्षेचा अभ्यास. दुपारी वारा तापायला लागतो. किल्ल्याचा दगड दिवसभर ऊन पितो आणि संध्याकाळी ते खालच्या लष्कर भागातल्या गल्ल्यांत सोडून देतो. शहतूत, म्हणजे तुती, विकणारा दौलतगंजातून ओरडत जातो आणि हातात पुस्तक घेऊन गच्चीवर येरझाऱ्या घालणारी पोरं एकदम पाठांतर विसरतात. आजही जातो. आजही विसरतात.

या सगळ्यात माझ्यापुरता एक वास जास्तीचा असतो. कापड ताठ करणाऱ्या खळीचा. आणि ओल्या खसच्या, म्हणजे वाळ्याच्या, पडद्याचा. हे दोन वास एकत्र मिळण्याची जागा साऱ्या ग्वाल्हेरात एकच होती, टोपी बाजारात, माझा वर्गमित्र हबीब याच्या घरच्या दुकानावरची खोली.

ते कॉलेज आता राहिलेलं नाही. इमारतीत कुठल्याशा खात्याची जुनी दफ्तरं ठेवतात, आणि मला वाटतं दोघांनाही ते मानवलं आहे. आमच्या वेळी ते संस्थानी थाटाचं होतं. सभागृहात पहिल्या रांगेत सरदारांच्या मुलांना गादीच्या खुर्च्या, मागे आम्हा लोकांना बाकं. दरबारात सरदारानं बोलायचं आणि मुन्शीनं लिहून द्यायचं ही रीत इतकी मुरलेली होती, की कॉलेजच्या वादविवादातही ती कोणाला खटकत नसे. ज्याच्या दारी बग्गी त्याचा आवाज, ज्याच्या घरी बोरू त्याचा मजकूर. आमच्या घरी बोरू होता. आमचे पूर्वज शिंद्यांच्या फौजेबरोबर दख्खनेतून आले ते तलवार घेऊन नव्हे, हजेरीपट घेऊन. पाहुण्यांना आम्ही फक्त फौजेचं सांगत असू.

एका बाजूनं भैयासाहेब बोलत. मोठ्या जहागिरीचे एकुलते एक, आवाज खणखणीत, आणि त्या आवाजात काय भरायचं याची पूर्ण चिंता माझ्यावर टाकलेली. दुसऱ्या बाजूनं बोलणाऱ्याला सगळे छोटे नवाब म्हणत. ते नवाब नव्हते आणि छोटेही नव्हते. त्यांचा मजकूर हबीबचा.

हबीबचे अब्बा पगड्या बांधत. दसऱ्याच्या दरबारात तीन टोकांच्या पगड्या मिरवत जे मराठे सरदार मान ताठ करून बसत, त्यांतल्या बऱ्याच जणांच्या मानेला तो ताठा या टोपी बाजारातून आलेला असे. आम्ही त्यांना चाचा म्हणत असू. त्यांचं मराठी गिऱ्हाइकांकडून उचललेलं, त्यामुळे त्यात अदब फार आणि विषय एकच, डोकं.

“दत्तोपंत,” ते मला दर वर्षी म्हणत, “आपलं डोकं गेल्या वर्षीइतकंच आहे. अभ्यास चालू आहे ना?”

वरच्या खोलीत फळ्यांवर लाकडी डोकी ओळीनं मांडलेली असत. पगडी ज्यावर चढवून बांधायची ती कालबुतं. लहान डोकी, मोठी डोकी, एक तर कुण्या दिवंगत सरदारांच्या मापाचं खास करवून घेतलेलं. आम्ही भाषणं लिहून झाली की त्यांच्यापुढे उभे राहून म्हणून बघत असू. इतके सुजाण श्रोते मला नंतर भेटले नाहीत.

आमची काम करायची पद्धत अशी. कोणत्या बाजूनं कोणी बोलायचं याच्या चिठ्ठ्या निघाल्या की आम्ही एकाच चारपाईवर बसून दोन्ही बाजू लिहीत असू. वाद रंगायचा तर समोरच्याच्या वाक्यालाही धार हवी, म्हणून एकमेकांना हत्यारं पुरवत असू. आणि आपल्या माणसांचं नेमकं कुठे दुखतं हे आपल्याइतकं कोणाला ठाऊक?

“यहाँ मार, पंडत,” हबीब माझ्या कागदावर बोट ठेवी. “इथे आमचे लोक तिळपापड होतात.”

मग मी त्याला आमच्याकडचं एखादं देई. “हे लिही. आमचे मामा उठून जातील.”

मामा एकदा खरोखरच उठून गेले. आम्ही दोघं मागच्या बाकावर एकमेकांच्या मांडीला चिमटे काढत बसलो होतो. शहर बरं की खेडं, लेखणी श्रेष्ठ की तलवार, असले विषय असत. लेखणीच्या बाजूनं भैयासाहेब असे काही बोलले की ढाल मिळाली. ती लेखणी कुणाची होती हा प्रश्न त्यांना पडला नाही, आणि खरं सांगायचं तर तेव्हा मलाही पडला नाही. आम्ही दोन्हीकडून लिहीत होतो म्हणून स्वतःला दोन्हीच्या वर समजत होतो. वीस वर्षांच्या मुलाला ही जागा फार आवडते. तिथे वारा चांगला लागतो.

हबीब सुट्टीच्या दिवशी दौलतगंजात आमच्याकडे येई. आई त्याच्यासाठी वेगळी ताटली ठेवी आणि त्या ताटलीत घरातल्या कोणाहीपेक्षा जास्त तूप वाढी. हबीब म्हणे, “काकू, ताटली वेगळी असू द्या. तुपाचं तेवढं असंच चालू द्या.” आई हसे, पदरानं डोळे पुसे, आणि ताटली वेगळी घासे. या तिन्ही गोष्टी ती मनापासून करी. मी त्या काळी फार पुस्तकं वाचत होतो, पण या तिन्ही एका वाक्यात कशा बसवायच्या ते मला कुठे सापडलं नाही.

आमच्या घरात ‘आपल्याकडे’ म्हणजे दख्खन. पाच-सहा पिढ्यांत कोणी तिकडे राहायला गेलं नव्हतं, पण आमटी बिघडली तरी बाबा म्हणत, “आपल्याकडे अशी नसते.” माळ्यावर एक वळकटी होती. सतरंजी, दोन घोंगड्या, एक तांब्या, सुंभानं करकचून बांधलेलं. कधी परत जायची वेळ आली तर म्हणून आजोबांनी बांधून ठेवलेली. दर दिवाळीत ती खाली उतरवून, सोडून, ऊन दाखवून पुन्हा बांधत. एका वर्षी बाबांची कंबर धरली होती तेव्हा हबीबनं ती उतरवून दिली. “कहाँ की तयारी है, काका?” त्यानं विचारलं. बाबा म्हणाले, “असू दे, बेटा. पद्धत आहे.” हबीबनं मग तिला सुंभाच्या गाठी आमच्यापेक्षा चांगल्या मारल्या. अखेर बांधणाऱ्याचा मुलगा.

मी ज्याची आठवण काढतो आहे तो मार्च सेहेचाळीसचा. त्या वर्षी मुलं बाकांवर बसायची बंद झाली आणि बाजूंना बसायला लागली. सभागृहातल्या मधल्या वाटेच्या डावीकडे हिंदू, उजवीकडे मुसलमान. नई सडकेवर वर्तमानपत्र येई आणि ज्याचं त्याचं वेगळं येई. प्राध्यापक फळ्याकडे तोंड करून जास्त वेळ शिकवू लागले. नेहमीचे विनोद सांगितले तर अर्धं सभागृह हसे, आणि अर्धं हसलं हे उरलेलं अर्धं लक्षात ठेवी. आम्ही दोघं मात्र त्याच चारपाईवर, त्याच पडद्यामागे. त्या वर्षीच्या वार्षिक वादविवादाचा विषय होता, देश हे एकच घर आहे काय? भैयासाहेब ‘आहे’ म्हणणार होते, छोटे नवाब ‘नाही’.

“दत्तू, या वेळेस काही कडक पाहिजे,” भैयासाहेब बग्गीतून वाकून म्हणाले होते. “हॉल उठला पाहिजे, भाई. मागच्या वेळचं फार सात्त्विक झालं.”

एका दुपारी हबीब लिहिता लिहिता थांबला. खाली चाचा कुणाला तरी डोक्याविषयी सांगत होते. पडद्यावर नुकतंच पाणी मारलेलं होतं आणि खोलीत हिरवट अंधार होता.

“अम्मीने संदूक बाँध लिया है,” तो म्हणाला.

“कशासाठी?”

“शेजारणी काही काही सांगतात. म्हणते, निघायची वेळ आली तर शोधाशोध नको. मी रोज एक वस्तू गुपचूप काढून जागेवर ठेवतो. काल पानदान काढलं. ती रोज परत भरते.” तो हसला. “घर में भी वाद-विवाद चल रहा है. तू किसी से कहना मत.”

“नाही सांगणार,” मी म्हणालो.

आणि मी सांगितलं नाही. मी लिहिलं.

याचं समर्थन करायचा प्रयत्न मी बरीच वर्षं केला आहे आणि दर वेळी मसुदा फाडला आहे. घडलं ते इतकंच. छोट्या नवाबांच्या भाषणासाठी मीच हबीबला एक मुद्दा दिला होता: घर एक आहे म्हणता, मग भिंतींना रंग कोणता द्यायचा हे एकटा तुम्हीच का ठरवता? चांगला मुद्दा होता. इतका चांगला, की त्याला उत्तर काय द्यावं ते मला सुचेना. परीक्षेला पाच आठवडे, बाहेर शहतूतवाला ओरडतो आहे, आणि मी घरी एकटा बसून उत्तर शोधतो आहे. मग ते आलं. पूर्ण, तयार, तालात. चांगलं वाक्य सुचल्यावर ते टाकून द्यायला जो संयम लागतो तो माझ्याकडे नव्हता. त्या एका वर्षी मी शेवटचं पान हबीबला वाचून दाखवलं नाही. स्वतःला सांगितलं, त्याला सभागृहात गंमत वाटेल.

शनिवारी दुपारी भैयासाहेब भाषणाच्या शेवटाला आले. पगडीचं टोक त्यांनी बोटानं नीट केलं, पहिल्या रांगेकडे पाहिलं, आणि माझं वाक्य म्हणाले.

“जिनके संदूक बँधे रखे हैं, वे दीवारों का रंग न पूछें!”

हॉल उठला. अर्धा आनंदानं उठला आणि अर्धा बाकं मागे सारत उठला, पण उठला सगळा. मी तेव्हा हबीबकडे पाहिलं. तो रागावलेला नव्हता. भाषणाची नक्कल उतरवताना माझ्या हातून ओळ गाळली गेली की तो जसा बघे, तसा बघत होता. मग त्यानं कागद घडी करून खिशात ठेवले आणि मधल्या वाटेनं, दोन्हीकडच्या आरडाओरड्यातून, बाहेर गेला. भैयासाहेब आणि छोटे नवाब त्या संध्याकाळी नेहमीसारखे टेनिस खेळले. छोटे नवाब जिंकले असं ऐकलं.

सोमवारी प्रत्येक वर्गाच्या फळ्यावर खडूनं काढलेली पेटी होती. हँडल आणि कुलूपसुद्धा. कोणी मुसलमान मुलगा व्हरांड्यातून गेला की मागून आवाज येई, “गाड़ी कितने बजे की है, मियाँ?” वसतिगृहातल्या पहिल्या वर्षाच्या एका मुलाची पत्र्याची ट्रंक उचलून फाटकाशी नेऊन ठेवली आणि तिला झेंडूचा हार घातला. तो मुलगा लांबच्या खेड्यातला, त्याला हार कशाचा ते कळेना. तो आधी हसला. त्याला वाटलं सत्कार आहे. माझं वाक्य आता कोणीच पूर्ण म्हणत नव्हतं. नुसतं “संदूक! संदूक!” एवढंच. एवढी मेहनत घेऊन जुळवलेला ताल कोणाला लागलाच नाही.

बुधवारी दुसऱ्या बाजूनं उत्तर आलं. मी आणि आमच्यातले दोन-तीन जण फाटकातून आत येत होतो, तर जिन्यावरून घोळका ओरडला, “ऐ दक्खनी! दो सौ साल हो गए, घर कब जाओगे?” सगळे हसले. माझे कान तापले. आणि मला वाटलं, हे हबीबनं दिलं. आमचं कुठे दुखतं ते त्यालाच तर ठाऊक.

मी तडक टोपी बाजारात गेलो. खरं तर मी माफी मागायला निघायला हवं होतं. चार दिवस झाले होते. पण माफी मागायला लाज लागते आणि भांडायला फक्त पाय लागतात. हबीब खाली दुकानातच होता, खळीच्या पातेल्यात काठी फिरवत.

“जिन्यावरचं ते तू दिलंस?” मी विचारलं.

“काय?”

“दक्खनी, घर कब जाओगे.”

त्यानं काठी थांबवली. “पंडत, मैं देता तो इससे अच्छा देता.”

मी पातेल्यातल्या काठीकडे बघू लागलो.

“वळकटी कुठे होती त्यात?” तो मराठीत म्हणाला. आवाज अजिबात चढलेला नव्हता. “माळ्यावरची. सुंभाच्या गाठी माझ्या आहेत. मी दिलं असतं तर वळकटी आली असती. नाही आली ना? मग ते माझं नाही.”

आणि तो पुन्हा काठी फिरवायला लागला, कारण खळ थांबली की गुठळ्या होतात.

त्यानंतर अभ्यासाची सुट्टी लागली. मी दौलतगंजातल्या आमच्या गच्चीवर येरझाऱ्या घालत होतो, हातात तर्कशास्त्र, तोंडात माफीचं भाषण. ते मला लिहिता येईना. दुसऱ्याच्या तोंडी घालायला मी वीस पानं एका बैठकीत लिहीत असे. इथे वक्ता मीच होतो, आणि चार ओळी जुळत नव्हत्या. एक मसुदा फार सुंदर झाला म्हणून फाडला. एकात माझीच बाजू वरचढ झाली म्हणून फाडला. मनात एकच वाक्य उरलं: चूक माझी, तुझी अम्मी काय म्हणते? त्यात काही अलंकार नव्हता. ते घेऊन मी पंधराव्या दिवशी निघालो. कडुनिंबाला तोवर मोहर आला होता आणि साऱ्या गल्लीला कडू-गोड वास येत होता.

चाचा एकटेच होते. समोर एक अर्धी बांधलेली पगडी, मांडीवर चंदेरीची घडी.

“हबीब आग्र्याला गेला, दत्तोपंत,” ते म्हणाले. “मामाकडे. परीक्षा तिथूनच देणार. अम्मी पण गेली.”

“परत कधी येणार?”

“बघू.” त्यांनी कापडाला पीळ दिला. “आपलं काही काम होतं का?”

मी म्हणालो, “नाही चाचा. सहज आलो होतो.”

ते मान हलवून म्हणाले, “या, असेच येत जा.” ते वाक्य माझं होतं हे त्यांना ठाऊक होतं की नव्हतं, हे मी आजवर ठरवू शकलेलो नाही. पत्ता मी विचारला नाही, त्यांनी दिला नाही. आम्हा दोघांच्याही मधे अदब आडवी आली. ग्वाल्हेरात ती फार. पुढच्या वर्षीच्या दसऱ्याला दुकानाला दुसऱ्याच कोणाचं कुलूप होतं आणि सरदारांनी जुन्याच पगड्या झटकून घातल्या. दोघा-तिघांच्या नीट बसल्या नव्हत्या. लोकांच्या ते लक्षात आलं नाही, कारण तोवर लोकांना लक्ष द्यायला पुष्कळ काही होतं.

ते कुठवर गेले, मला कळलं नाही. आग्र्यापर्यंतच, की आग्र्याहून पुढे. मी कधी कधी मनाशी त्याला म्हातारा करून बघतो. कुठल्याशा शहरात, मार्चात, पडद्यावर पाणी मारताना. पण माझ्या कल्पनेला तेवढी ताकद नाही. तो विसाचाच राहतो, कागदावर बोट ठेवून म्हणतो, यहाँ मार. मला नंतर पुष्कळ मित्र मिळाले, सज्जन, समविचारी. आपलं कुठे दुखतं ते एकानंही कधी मला विश्वासानं दाखवलं नाही, आणि मीही त्यांना दाखवलं नाही. आमचं छान जमतं.

हल्ली माझ्या नातवाच्या कॉलेजात पुन्हा घोषणा चालतात. मी त्याला डबा द्यायला जातो तेव्हा फाटकाशी दोन्ही बाजूंची मुलं उभी असतात, नसा ताणून ओरडत. त्या ओरडणाऱ्यांकडे मी फारसा बघत नाही. मागे कोण बसलं आहे ते बघतो. कुठे तरी पायरीवर एखादा चष्मेवाला सडपातळ मुलगा असतोच. तो ओरडत नाही. ओठ हलवत असतो, आपला शब्द बरोबर उच्चारला जातो आहे ना, एवढं बघत. त्याच्याजवळ जाऊन काहीतरी सांगावं असं फार वाटतं. जवळ गेलो की सुचत नाही. एकदा त्यानंच वर पाहून विचारलं, “किससे मिलना है, दादाजी?” मी म्हणालो, “कोणाला नाही, बेटा. सहज.”

त्या वर्षीच्या वादविवाद मंडळाचा अहवाल कॉलेजच्या वार्षिकात छापून आला होता. खाली चिटणीस म्हणून भैयासाहेबांची सही, मजकूर माझा. त्यात म्हटलं आहे की मंडळाचं वर्ष अपूर्व उत्साहात पार पडलं, श्रोत्यांची उपस्थिती वाढती राहिली, आणि सभागृहाबाहेर पिण्याच्या पाण्याचे माठ एकाच ठिकाणी असत ते आता सर्वांच्या सोयीसाठी डावीकडे आणि उजवीकडे असे दोन ठिकाणी ठेवण्यात आले असून त्याबद्दल एकाही विद्यार्थ्याची तक्रार आलेली नाही.